मूत्रपिंडाचा मुका आजार



गागोदे बुद्रुक हे कोकणातील इतर अनेक गावांसारखेच डोंगराच्या कुशीत वसलेले, भातखाचरांचे गाव. परंतु ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथील भावे कुटुंबात विनायक जन्माला आला आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील या गावाचे नाव देशाच्या इतिहासात जाऊन बसले. हाच विनायक पुढे आचार्य विनोबा झाला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला भूदानाचा पहिला संकल्प झाला आणि त्या यज्ञात कोणी जमीन घातली, कोणी श्रम घातले. ज्यांनी आपले उरलेले आयुष्यच त्यात घातले त्यांतील सर्वांत मोठे नाव जयप्रकाश नारायण यांचे. १९५४ मध्ये बोधगयेच्या सर्वोदय संमेलनात त्यांनी जीवनदान जाहीर केले. विनोबांच्या गावी मूत्रपिंडाच्या आजारावर बोलायचे आणि आरंभ जयप्रकाशजींपासून करायचा, त्याला एवढे नाते पुरेसे आहे. पण त्याहून मोठे कारण हे, की त्या पिढीतील कितीतरी घरांनी ‘डायलिसिस’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्यामुळे.

आणीबाणीचा इतिहास येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्यापैकी काहींनी तो भोगलेला असेल. २५ जून १९७५ ची रात्र उलटल्यावर पहाटेच्या सुमारास दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानमधून जयप्रकाशजींना अटक झाली. वय ७२ पूर्ण, अंगात मधुमेह, हृदयाची तक्रार, आणि आदल्याच वर्षी वेल्लोरला झालेली प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया. जुलैच्या आरंभी त्यांना चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत स्थानबद्ध करून ठेवण्यात आले. सप्टेंबर संपता संपता प्रकृती ढासळू लागली. १२ नोव्हेंबरला त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. त्याच महिन्यात ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. तेथील मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले आणि ते अखेरपर्यंत सुटले नाही. पंतप्रधान सहायता निधीतून यंत्रासाठी आलेला ९० हजार रुपयांचा धनादेश जयप्रकाशजींनी परत केला. लोकांनी वर्गणी काढली. १९७७ ची निवडणूक, जनता सरकारचा जन्म आणि त्या सरकारची वाताहत हे सारे त्यांनी यंत्राला बांधलेल्या शरीराने पाहिले. २२ मार्च १९७९ रोजी तर ते जिवंत असतानाच संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली! प्रत्यक्ष निधन ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात झाले.

या आजाराविषयी तेव्हा बरेच बोलले गेले, संशय व्यक्त झाले, जनता राजवटीत चौकशीही झाली. (विनोबा त्या वर्षी मौनात होते. ‘अनुशासन पर्व’ या दोन शब्दांचा सत्ताधाऱ्यांनी जो वापर केला त्याचा सल पुष्कळांच्या मनात राहिला. पण तो वेगळा विषय.) वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न एकच उरतो, आणि तो आज प्रत्येक घरात लागू आहे. लोकनायकांची मूत्रपिंडे १९७५ च्या उन्हाळ्यातच अचानक दुखावली गेली, की दीर्घ मधुमेहाने ती आधीच निम्मी झिजली होती आणि त्या चार-साडेचार महिन्यांनी फक्त शेवटचा धक्का दिला? पहिल्याला तीव्र इजा म्हणतात, ती योग्य वेळी उपचार झाल्यास बव्हंशी भरून येऊ शकते. दुसऱ्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात, त्यात गेलेले परत येत नाही. दोन्हीही एकाच रुग्णात असू शकतात. याचे उत्तर शोधताना डॉक्टर सर्वप्रथम जे मागतो ते कोणतेही मोठे यंत्र नसते. तो मागतो जुना रिपोर्ट. वर्षापूर्वी, पाच वर्षांपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन किती होते? मधल्या काळातील कागदपत्रे हाती नसताना आज कोणी छातीठोकपणे निवाडा देणे योग्य नव्हे. परंतु अशी कागदपत्रे नसलेली माणसे आपल्या घरातच बसलेली आहेत, त्यांचे काय?

प्रथम हे अवयव काय करतात ते पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम. प्रत्येकात जवळजवळ दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला सगळा उपयुक्त भाग परत रक्तात घेऊन साधारण दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. रक्तदाब सांभाळणे, रक्तपेशी तयार करण्याचा निरोप अस्थिमज्जेला देणे, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कामाचे बनवणे ही कामेही त्यांचीच. म्हणून मूत्रपिंड बिघडले की रुग्ण पांडुरोगाची तक्रार घेऊन येतो, धाप लागते म्हणून येतो, अंगाला खाज सुटते म्हणून त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जातो. लघवीची तक्रार त्याच्या बोलण्यात येतच नाही.

निसर्गाने येथे एवढी शिल्लक ठेवली आहे की एक मूत्रपिंड दान करूनही माणूस पूर्ण आयुष्य जगतो. हीच शिल्लक घातक ठरते. एक गाळणी बंद पडली की शेजारची दुप्पट काम करते, तिच्यावरचा दाब वाढतो, काही वर्षांनी तीही बंद पडते. घरातला एक कर्ता पुरुष आजारी पडावा आणि दुसऱ्याने कोणाला न सांगता दोघांचे ओझे उचलत राहावे, तसे हे चालते. निम्म्याहून अधिक काम थांबले तरी दुखत नाही, खुपत नाही, लघवीही भरपूर होते. रात्री दोन-तीनदा उठावे लागते ते वयाच्या खाती जमा होते. घोट्याला सूज येते ती उभे राहण्याच्या खाती. भूक मंदावणे, सकाळी मळमळणे, तोंडाला विचित्र चव येणे ही लक्षणे उमटतात तेव्हा गाडी बहुधा शेवटच्या स्थानकाजवळ आलेली असते. मूतखड्याची कळ येते म्हणून माणूस धावतो. या आजाराला कळ नाही.

मग तो ओळखायचा कसा? केवळ दोन तपासण्यांनी. एक रक्ताची, एक लघवीची. दोन्ही तालुक्याच्या ठिकाणी होतात.

रक्तातील क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड तो बाहेर टाकते. ते मंदावले की रक्तातील पातळी वाढते. रिपोर्टवर आकड्याशेजारी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते आणि आपण तेवढीच पाहून कागद घडी करून ठेवतो. येथेच मोठी फसगत होते. १.२ हा आकडा घ्या. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या रिपोर्टमध्ये तो आला तर त्याची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर गाळतात असा हिशेब निघतो. चिंता करण्याजोगे काही नाही. तोच १.२ हा आकडा सत्तर वर्षांच्या आजीच्या रिपोर्टमध्ये आला तर हिशेब सुमारे ४९ चा येतो. म्हणजे तिचे काम जवळपास निम्म्यावर आले आहे. कारण आजीच्या अंगात स्नायूच थोडे, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होते. कागदावर आकडा एक, अर्थ दोन. म्हणून क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून काढलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे गाळण्याचा अंदाजी वेग, रिपोर्टमध्ये लिहून मागावा. अनेक प्रयोगशाळा तो आपणहून देतात. न दिल्यास डॉक्टर भ्रमणध्वनीवर क्षणात काढून देऊ शकतात.

दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची. धड गाळणी प्रथिन बाहेर सोडत नाही. ते दिसू लागले की गाळणीला छिद्रे पडू लागली असे समजावे. आणि बऱ्याचदा हे चिन्ह क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी दिसते. आपल्या प्राचीन वैद्यांनी प्रमेहाच्या विचारात मूत्राचे परीक्षण बारकाईने केले होते, मुंग्या लागणाऱ्या मूत्राची नोंद चरकसंहितेत आहे. लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने १८२७ मध्ये सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली आणि ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठलेली पाहून मूत्रपिंडाच्या विकाराशी तिचा संबंध जोडला. आज चमचा आणि मेणबत्ती यांच्या जागी सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आले आहे. ते ३० च्या आत हवे, ३० ते ३०० धोक्याचा इशारा, ३०० च्या वर गेले तर विलंबाला जागा नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, मासिक पाळी अथवा आदल्या दिवशीचे अतिश्रम असतील तर हा आकडा खोटा वाढतो, हे लक्षात ठेवावे.

आणि एका रिपोर्टवर निदान होत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असता क्रिएटिनिन तात्पुरते वाढते. पावसाळ्यात आपल्या कोकणपट्टीत लेप्टोस्पायरोसिसनेही मूत्रपिंडाला अचानक इजा होते. म्हणून शास्त्राने तीन महिन्यांची मर्यादा घातली आहे. गाळण्याचा वेग ६० च्या खाली, किंवा लघवीत प्रथिन, किंवा सोनोग्राफीत दिसणारा बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून असेल तरच त्याला दीर्घकालीन विकार म्हणायचे. वेगावरून पाच टप्पे मानतात; १५ च्या खाली गेले की पाचवा. जयप्रकाशजी जसलोकमध्ये आले ते या पाचव्या टप्प्यावर. तीन महिन्यांनी फेरतपासणी म्हणजे तीन महिने स्वस्थ बसणे नव्हे. क्रिएटिनिन झपाट्याने चढत असेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

निदानाचे पुढचे पाऊल म्हणजे कारण शोधणे, आणि येथे पुष्कळदा कंटाळा केला जातो. ‘किडनी खराब आहे’ हे निदान नव्हे. सोनोग्राफीत मूत्रपिंडे आकसलेली दिसली तर आजार जुना; मात्र मधुमेहात ती आजार जुना असूनही नेहमीच्या आकाराची दिसू शकतात. मधुमेहीच्या डोळ्याच्या पडद्यावर बिघाड असेल तर मूत्रपिंडातील बिघाडही मधुमेहाचाच असण्याची शक्यता वाढते, म्हणून डोळे तपासतात. प्रोस्टेट किंवा खड्याने वाट अडवली असेल तर ती मोकळी केल्याने बरेच काही वाचते. काही घराण्यांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असतो; तेथे भावंडांचीही तपासणी हवी. लघवीत रक्तपेशी आणि भरपूर प्रथिने असतील तर सुईने मूत्रपिंडाचा कण काढून तपासावा लागतो. त्या तपासणीला लोक उगाच घाबरतात. उपचार करता येण्याजोगे काही आजार तिच्यावाचून सापडतच नाहीत.

सर्वांत मोठी दोन कारणे मात्र मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आहे. याखेरीज असाही मूत्रपिंडविकार आहे ज्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि रुग्ण शेतावर राबणारा असतो. आंध्रातील उद्दानम आणि गोव्यातील काणकोण हे भाग त्यासाठी ओळखले जातात. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातूनही मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. पाणी, ऊन, कीटकनाशके अशा अनेक कारणांची चर्चा चालू आहे, एकमत झालेले नाही. उन्हात वीटभट्टीवर किंवा मिठागरावर दिवसभर खपणाऱ्याने पाणी प्यावे व सावलीत विसावा घ्यावा, एवढे तर एकमताशिवायही करता येते.

आता थोडे कटू बोलावे लागेल. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके महिनोन्‌महिने घेणे हा मूत्रपिंडावर केलेला प्रहार आहे. दुसरा प्रहार अधिक नाजूक ठिकाणी होतो. आयुर्वेदाविषयी आपल्या समाजाला अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. पण कागदाच्या पुडीत बांधून दिलेली, घटक न लिहिलेली भस्मे म्हणजे आयुर्वेद नव्हे. पारा किंवा शिसे अशुद्ध रूपात पोटात गेले तर मूत्रपिंडाचे नुकसान होते, हे सिद्ध झालेले आहे. शोधन-मारणाचे नियम ज्या शास्त्राने घालून दिले त्याच्या नावावर कोणीही काहीही विकावे आणि आपण ते स्वदेशी म्हणून गिळावे, हा त्या शास्त्राचा अपमान आहे. शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याकडे जावे आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्याच्यापुढेही ठेवावा.

घरगुती समजुतीही तपासून घ्याव्यात. ‘भरपूर पाणी प्या, किडनी धुतली जाते’ हा सल्ला मूतखड्याला योग्य. सूज आणि धाप असलेल्या रुग्णाला तोच धोक्याचा. आजारी माणसाला शहाळे नेऊन देणे ही आपली रीत, पण विकार पुढे गेल्यावर शहाळ्यातील पोटॅशियम हृदयाची गती बिघडवू शकते. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठ रक्तदाब वाढवते. सगळ्यांसाठी एकच पथ्य नाही, टप्प्यानुसार ते बदलते.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी ऐकावी. घराघरांत आई किंवा आजी सर्वांची औषधे वेळेवर देते. तिचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे तिलाही आठवत नाही. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजाला हा हिशेब अस्वस्थ करणारा वाटला पाहिजे. कार्यकर्त्यांचेही तसेच. देह समाजासाठी झिजवावा हे खरे, पण प्रवासामागून प्रवास करत रक्तदाबाची गोळी बॅगेतच विसरणे याला झिजवणे म्हणत नाहीत.

वेळेवर सापडले तर काय होते? रक्तदाब १३०/८० च्या आसपास राखणे, साखर आटोक्यात ठेवणे, आणि लघवीतील प्रथिन कमी करणारी टेल्मिसार्टनच्या वर्गातील औषधे, यांनी झीज मंदावते. त्यात डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांची भर पडली. मधुमेह नसलेल्या रुग्णांतही ती झीज रोखते असे २०२० मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी भारतातील तिचे पेटंट संपले आणि किंमत उतरली. १९७५ मध्ये ही औषधे हाताशी नव्हती. उशीर झाला तर मात्र आजही आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास यंत्रापाशी, हाच क्रम आहे, किंवा प्रत्यारोपण. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. परळच्या नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून रुग्णसेवेचे जे व्रत चालवले आहे त्यात अल्प दरातील डायलिसिसही आहे. पण गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा गेलेला दिवस कोणत्या योजनेत बसतो?

जयप्रकाशजींवर उपचार करणारे डॉ. मणी पुढे चेन्नईला गेले. यंत्रांवरचे रुग्ण पाहून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो ऐकण्याजोगा आहे: गरीब देशाला हे सर्वांसाठी परवडणार नाही, म्हणून रोग दारातच अडवला पाहिजे. त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने श्रीपेरुंबुदुरजवळच्या सुमारे २५ हजार वस्तीच्या खेड्यांत गावातल्याच मुलींना शिकवून तयार केले. त्या घरोघरी जात, रक्तदाब मोजत, लघवीत दोन साध्या रसायनांचे थेंब टाकून साखर आणि प्रथिन पाहत. दोष आढळला की डॉक्टर तपासत आणि स्वस्तातली जुनी औषधे देत. माणशी वर्षाकाठी अवघ्या काही रुपयांत हे झाले. घरोघरी संपर्काची सवय ज्या संघटनेला आहे तिला यात अवघड असे काय आहे?

गागोद्यात आरंभ असा करता येईल. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कुटुंबात मूत्रपिंडाचा आजार, वारंवार खडे, किंवा साठीच्या पुढचे वय, यांतील एक जरी गोष्ट लागू असेल त्याने वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात. मधुमेह आढळला त्या दिवसापासूनच. प्रत्येक रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका धारिकेत लावावा. जुना रद्दीत देऊ नये, डॉक्टर तोच आधी मागणार आहे. व्याख्यान संपल्यावर मंडपातच रक्तदाब मोजण्याची व्यवस्था आहे. बहिणी आधी बसतील. पाच मिनिटे शांत, पाठ टेकून, न बोलता बसायचे आहे. ज्यांनी आत्ताच चहा घेतला किंवा तंबाखू मळली, त्यांनी अर्ध्या तासाने यावे.